चोरी झाली की ‘गहाळ’? तुमचे अनुभव सांगा

गिरगावकर_आता_विरार:
परवा माळा आवरताना पितळेचं एक झाकण हाताला लागलं. नुसतं झाकण. हंडा १९८७ साली गेला.
आमच्या चाळीत पाणी पहाटे चारला यायचं, म्हणून हंडा रात्रीच नळाखाली लावून ठेवायचे. झाकण मोरीत, हंडा बाहेर. त्या दिवशी नळ सुरू झाल्याचा आवाज आला, आजी उठली, तर दार उघडेना. बाहेरून कडी! शेजारच्या दोन्ही खोल्यांनाही कड्या. शेवटी दूधवाल्याने काढल्या. तीन हंडे, एक घंगाळ, आणि कुणाची तरी वाळत घातलेली पँट गेली. आजीने झाकण टाकू दिलं नाही. ‘परत आला तर लागेल.’
हे आठवायचं कारण, गेल्या आठवड्यात लेकाचा फोन लोकलमध्ये मारला. चौकीत गेलो तर पहिला प्रश्न, ‘गहाळ लिहू या का?’ अहो, खिशाला ब्लेड मारलंय, गहाळ कसा?
तुमचं काय काय गेलं?

परळची_मावशी:
कडी अजून लावतात हो. आमच्या बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर भरदुपारी घर फोडलं तेव्हा समोरच्या दोघांना कोंडलं होतं. आम्ही आता सगळ्यांनी बाहेरच्या कड्याच काढून टाकल्या. बाकी नंतर लिहिते, कुकर लावलाय.

दारातला_प्रवासी:
फटका. कुर्ला सोडलं होतं, मी दारात, फोन कानाला. खांबाला लटकलेल्याने मनगटावर काठी हाणली. फोन खाली, गाडी पुढे. मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये. बायको म्हणाली फोनच पडला, तू नाही, नशीब समज. मग ‘ही आमची हद्द नाही’ ऐकत दोन ठाणी फिरलो.

मिस्टर_खात्यात_होते:
@दारातला, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. झिरो एफआयआर, म्हणजे हद्द नसली तरी नोंदवायचा गुन्हा, कुठेही घ्यावाच लागतो, १ जुलै २०२४ पासून तर कायद्यातच आहे. चोरीचं कलम पूर्वी ३७९ होतं, आता न्याय संहितेत ३०३. हिसकावून नेलं तर ३०४.
@गिरगावकर, ‘गहाळ’ लिहिलं की नुसता दाखला मिळतो, सिमकार्डापुरता. गुन्हाच नोंदला नाही तर तपास कसला होणार? आणि वर्षअखेरीस चोऱ्या कमी झाल्या म्हणून टाळ्या. (आमचे हे ऐकून हसतायत.) ब्लेडची खूण असलेली पँट धुवू नका, घेऊन जा.
फोनचा आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा नंबर, खोक्यावर असतो. सरकारच्या संचार साथी वेबसाइटवर जाऊन ब्लॉक करा, तक्रारीची प्रत लागते. मग कुणी दुसरं सिम घातलं तरी फोन चालत नाही.

गिरगावकर_आता_विरार:
पँट धुतली हो ताई 🤦 हिने त्याच रात्री मशीनला लावली.

परळची_मावशी:
आले. माझ्या सासूबाईंचं ऐका. भाजी आणायला गेल्या, रस्त्यात दोघं भेटले. ‘आजी, शेठला मुलगा झालाय, गरिबांना साड्या वाटतोय. बांगड्या काढून ठेवा, नाहीतर श्रीमंत समजून देणार नाही.’ यांनी स्वतःच्या हाताने रुमालात बांधल्या. घरी येऊन गाठ सोडली तर खडे! साडीही नाही. पुढे वर्षभर भाजीवाल्यालाच बोलत होत्या, तो बिचारा समोरच होता म्हणून.

चाकरमानी_मुलुंड:
आम्ही गणपतीला गावी गेलो की दुधाची पिशवी आणि पेपर बंद करायला विसरतो. दारात पाच पेपर म्हणजे चोराला आमंत्रणपत्रिका. २०१९ ला आतलं सगळं उलटं केलं, सापडलं काय तर गॅसची पुस्तकं. सोनं होतं तांदळाच्या डब्यात. आता तिथे ठेवत नाही, सांगितलं ना इथे 😅

व्हॅनवाले_काका:
माझ्या शाळेच्या व्हॅनचा सायलेन्सर नेला रात्रीत. सकाळी चावी फिरवली तर अख्खी गल्ली उठली. त्यातल्या जाळीत प्लॅटिनम, पॅलेडियम असतं म्हणे. वीस वर्षं गाडी चालवतोय, माझ्या बुडाखाली सोन्यापरीस महाग माती आहे हे चोराला माहीत, मला नाही. पोरं दोन दिवस रिक्षाने.

दादरची_चप्पल:
माझं फारसं काही नाही, देवळाबाहेरून चपला तीनदा. आई म्हणते पीडा गेली. पीडा नवी होती ओ, सोमवारीच घेतली होती. आता एक चप्पल या खांबाशी, दुसरी त्या खांबाशी.

परळची_मावशी:
@दादरची 😂😂 मग शोधायला किती वेळ?

दादरची_चप्पल:
एकदा आरतीइतका.

कल्याणची_सुगरण:
@गिरगावकर, ते झाकण विकता का? माझ्याकडे बिनझाकणाचा पितळी हंडा आहे. सासऱ्यांनी कधीतरी जुन्या बाजारातून आणलेला.

गिरगावकर_आता_विरार:
कधी आणला?? नाव कोरलंय का काठावर? आमच्यावर आजोबांचं नाव आणि १९५२ होतं.

कल्याणची_सुगरण:
काहीतरी आहे, चिंचेने घासून घासून पुसट झालंय. आता त्यात पाणी भरलंय. रिकामा झाला की उजेडात धरून बघते.

गिरगावकर_आता_विरार:
झाकणाचा व्यास मोजून ठेवतो. साडेनऊ इंच भरतंय, टेप जरा फाटकी आहे.