इस्त्री-टोनरचे बोर्ड: सोडून द्यायचे की नीट करायचे?

सोल्डरधूर: घरी सर्किट बोर्ड करताना लेझर प्रिंटरने कागदावर छापलेल्या सर्किटचा टोनर इस्त्रीने बोर्डाच्या तांब्यावर चढवणं आता बंद करा. एकदा ट्रॅक (तांब्याची रेघ) तुटतो, एकदा दोन ट्रॅक जुळतात. फोटोरेझिस्ट फिल्म (प्रकाशाने सर्किट उमटवायचा पापुद्रा) लावा, कटकट संपली.

तांबेपत्रा: कटकट संपत नाही, जागा बदलते. टोनर म्हणजे प्लास्टिकची पूड, ती वितळून तांब्याला धरली पाहिजे, एवढंच; मग तिच्याखालचं तांबं रसायनात वाचतं, बाकीचं विरघळतं. धरत नाही त्याची कारणं ठरलेली. तांबं घासणीने लख्ख करून अ‍ॅसिटोनने पुसा, नंतर बोट लावू नका. प्रिंटरची टोनर-बचत बंद ठेवा. इस्त्रीत पाणी नको. दाबून धरा, फिरवू नका. कागद जरा सरकला की ट्रॅक फराटतो. कडांवर इस्त्रीचं टोक वेगळं द्या, टोनर तिथूनच सुटतो. अति दाबलंत तर तो पसरतो, तुमचे ट्रॅक जुळतात ते त्यामुळे. शेवटी पाण्यात कागदाचा लगदा होऊ द्या. ओरबाडलात तर टोनरही येणार.

रोधक१०के: इस्त्री हवीच कशाला? लॅमिनेटरमधून बोर्ड पुन्हापुन्हा काढा, दाब सारखा बसतो. पण १.६ मिमीचा बोर्ड बऱ्याच लॅमिनेटरांत अडकतो, ०.८ घ्या. आणि छापल्यावर कागदावरची अक्षरं उलटी दिसतायत ना, ते बघा. सुलटी दिसली तर बोर्ड वाया.

सोल्डरधूर: एवढे सोपस्कार करून ०.५ मिमी पिचचा (पिनांमधलं अंतर) आयसी, म्हणजे चिप, बसतो का?

तांबेपत्रा: नाही, तिथे फिल्मच. ०.३ मिमीहून बारीक ट्रॅकांना मीही इस्त्रीचा आग्रह धरणार नाही. पण लांबलांब पिनांच्या साध्या डीआयपी चिपांच्या सर्किटला फिल्मचं एक्स्पोजर (प्रकाश देणं) आणि डेव्हलपर (नको ती फिल्म धुणारं द्रावण) मागे लावणं हा अट्टहास आहे.

ड्रिल०८: कागदावरून भांडताय, तांबं विरघळवायला वापरलेलं फेरिक क्लोराइड कुठे ओतता ते कुणी सांगत नाही!

रोधक१०के: म्हणूनच त्याऐवजी हायड्रोक्लोरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड. द्रावण पारदर्शक असतं, तांबं जाताना दिसतं.

ड्रिल०८: आणि वाफांनी जवळची लोखंडी हत्यारं गंजतात! पेरॉक्साइड जास्त झालं तर क्लोरीन सुटतो. बंद खोलीत हे सुचवणं बेजबाबदारपणा आहे.

रोधक१०के: बंद खोलीत करा असं कोण म्हणालं? उघड्यावर करा, आम्ल पाण्यात घाला, पाणी आम्लात नाही. तांबं विरघळून द्रावण हिरवं झालं की तेच क्युप्रिक क्लोराइड पुढे एचिंग (तांबं विरघळवणं) करतं; हवेचे बुडबुडे सोडा, थोडं आम्ल घाला, पुन्हा ताजं होतं. फेरिकचं तसं सहज होत नाही.

ड्रिल०८: बरं, पुन्हा वापरता येतं हे मान्य. वाफांचं नाही. तरीही एक दिवस ते टाकावं लागणारच. फेरिक असो की क्युप्रिक, विरघळलेलं तांबं पाण्यातल्या जिवांना विषारी आहे. धुण्याचा सोडा थोडाथोडा घाला, एकदम घातलात तर फेसाळून भांड्याबाहेर येईल. फसफस थांबली की गाळ बसू द्या आणि तो घातक रसायनांच्या संकलनात द्या. स्टीलच्या सिंकमध्ये तर थेंबही नको, पत्र्याला खड्डे पडतात.

सोल्डरधूर: हे फिल्मवाल्यांनाही लागू, कबूल. पण बारीक ट्रॅकांचं माझं म्हणणं तांबेपत्रांनीच मान्य केलंय, ते विसरू नका.

तांबेपत्रा: बारीक ट्रॅकांपुरतं. "बंद करा" हे तुम्ही सगळ्यांना म्हणालात.