वॉकर, फुलर आणि टकर : एका धंद्याची तीन आडनावं

प्रश्न

स्मिथ म्हणजे लोहार, टेलर म्हणजे शिंपी, बेकर म्हणजे पाव भाजणारा, इथपर्यंत सरळ आहे. पण वॉकर हा कसला धंदा? एका ठिकाणी वाचलं की राजाच्या राखीव जंगलात पायी गस्त घालणारा तो वॉकर. दुसरीकडे कापडाशी संबंध जोडला होता. यातलं खरं कोणतं? आणि हे आडनाव मुळात इंग्लंडच्या कुठल्या भागातलं? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद

कापडाचा संबंधच खरा. जंगलातल्या पहारेकऱ्यालाही पुढे इंग्रजीत 'वॉकर' म्हणत, त्यामुळे ती समजूत पसरली. पण गस्तवाले किती असणार? कापड तुडवणारे मात्र लोकर पिकणाऱ्या इंग्लंडात गावोगाव होते.

जुन्या इंग्रजीत 'वेआल्कन' असं क्रियापद होतं. अर्थ घोळवणे, लोळवणे, उलटसुलट करणे. त्यावरून 'वेआल्केरे' म्हणजे नवं विणलेलं लोकरी कापड पाण्यात तुडवून घट्ट करणारा कारागीर. 'वॉक'ला पायी चालण्याचा आजचा अर्थ त्यानंतर, मध्ययुगीन इंग्रजीत आला. म्हणजे 'वॉकर' हे धंद्याचं नाव चालण्याच्या अर्थापेक्षा जुनं आहे. जर्मनमध्ये 'वाल्कन' आजही कापड असं मळण्यालाच म्हणतात.

हे काम काय होतं ते नीट समजून घ्यायला हवं, कारण आपल्याकडे सुती कापडाची परंपरा मोठी आणि सुताला ही क्रिया लागत नाही. मेंढीच्या लोकरीचं कापड मागावरून उतरतं तेव्हा ते विरळ, खरखरीत आणि तेलकट असतं. लोकरीत मेंढीच्या अंगचा चिकटा असतोच, शिवाय सूत कातताना वरून तेल किंवा लोणीही चोळलेलं असतं. असं कापड हौदात टाकायचं, वर पाणी आणि साठवून शिळं केलेलं मूत्र ओतायचं आणि उघड्या पायांनी तासन्‌तास तुडवायचं. मूत्र शिळं झालं की त्यात अमोनिया तयार होतो आणि तो तेलकटपणा कापतो. रोमन लोकही हेच करत. सम्राट व्हेस्पेशियनने या मूत्राच्या व्यापारावर करसुद्धा बसवला होता.

उरलेली चिकटी काढायला एक खास माती वापरत. इंग्रजीत तिला 'फुलर्स अर्थ' म्हणतात. आपल्याकडे उटण्यात, फेसपॅकमध्ये वापरतात ती मुलतानी माती याच जातीची. तेल शोषून घेणं हा तिचा गुण. चेहऱ्यावर ती जे करते तेच लोकरीवर करायची. लंडनच्या दक्षिणेला सरे परगण्यात नटफील्डजवळ तिच्या मोठ्या खाणी होत्या.

तुडवण्याने कापड नुसतं स्वच्छ होत नाही. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर सूक्ष्म खवले असतात. ओल, ऊब आणि सततचा रगडा मिळाला की ते एकमेकांत अडकतात. कापड आटतं, जाड होतं, विणीचे धागे दिसेनासे होतात. मग ते लाकडी चौकटीवर आकड्यांना ताणून वाळवत. या आकड्यांना 'टेंटरहुक' म्हणत. जीव टांगणीला लागणं या अर्थाचा 'ऑन टेंटरहुक्स' हा वाक्प्रचार तिथूनच आला.

आता आडनावांच्या नकाशाकडे येतो, कारण खरी मजा तिथे आहे. या एकाच कारागिराला इंग्लंडात तीन नावं होती. उत्तरेत आणि मिडलँड्समध्ये, म्हणजे मध्य इंग्लंडात, वॉकर. दक्षिण-पूर्वेत आणि ईस्ट अँग्लियात फुलर. नैर्ऋत्य टोकाला टकर.

'फुलर' लॅटिन 'फुल्लो'वरून जुन्या इंग्रजीत आला आणि फ्रान्सहून आलेल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर तुडवणे या अर्थाच्या फ्रेंच 'फुले'ने त्याला बळ दिलं. 'टकर' जुन्या इंग्रजीतल्या 'तुकियन'वरून. त्याचा मूळ अर्थ छळणे, हाल करणे असा होता. कापडाचे जे हाल व्हायचे ते पाहता शब्द चपखल आहे.

इंग्रजी आडनावं साधारण १२०० ते १४०० या काळात वंशपरंपरागत झाली, दक्षिणेत आधी, उत्तरेत मागाहून. त्या दोन शतकांत ज्या भागात जो शब्द बोलीत होता तो आडनाव होऊन गोठला. पुढे प्रमाण इंग्रजीत 'फुलर' हाच शब्द टिकला, बाकीचे दोन धंद्याचे शब्द म्हणून मागे पडले, पण माणसांच्या नावांत तिन्ही शाबूत राहिले. चौदाव्या शतकातली बोलीभाषांची सीमा आज टेलिफोनच्या यादीत सापडावी, याचं मला दर वेळी नव्याने अप्रूप वाटतं.

गावांची आणि गल्ल्यांची नावंही हीच विभागणी दाखवतात. यॉर्कशरमधल्या बेव्हर्ली गावात 'वॉकरगेट' नावाची गल्ली आहे, म्हणजे कापड तुडवणाऱ्यांची आळी. (तिथला 'गेट' म्हणजे दरवाजा नव्हे. नॉर्स भाषेतल्या 'गाता'चा, म्हणजे रस्त्याचा, तो अवशेष.) डेव्हनमध्ये एक्सेटरला 'टकर्स हॉल' ही पंधराव्या शतकातली इमारत उभी आहे, ती विणकर आणि टकरांच्या श्रेणीची, म्हणजे कारागीर-संघाची. कॉर्नवॉलमध्ये कॅम्बोर्नला लागून 'टकिंगमिल' हे गाव आहे. आणि लंडनमध्ये १५२८ साली दोन श्रेणी एकत्र होऊन 'क्लोदवर्कर्स कंपनी' झाली, त्यातल्या एकीचं नाव होतं 'फुलर्स'.

प्रश्न

फार छान माहिती. पण मग फुलर म्हणजे आपला परीटच ना? बायबलच्या मराठी भाषांतरात परीट हा शब्द वाचल्यासारखा आठवतो.

प्रतिसाद

बरोबर आठवतंय. मार्कच्या शुभवर्तमानातल्या नवव्या अध्यायात येशूची वस्त्रं इतकी पांढरीशुभ्र होतात की पृथ्वीवरच्या कोणत्याही परटाला तशी करता येणार नाहीत, असं वर्णन आहे. १६११ च्या इंग्रजी बायबलात तिथे 'फुलर' आहे. मराठी वाचकासाठी परीट हाच शब्द योग्य, कारण तिथे मुद्दा शुभ्रतेचा आहे. पण धंदा म्हणून दोन्ही वेगळे. परीट वापरलेले, मळलेले कपडे धुतो. फुलरच्या हाती कापड मागावरून थेट येतं, आणि त्याच्या हातून गेल्याशिवाय ते विकायच्या लायकीचं होत नाही. तेव्हा परीट ही जवळची ओळख, तंतोतंत जोडी नव्हे.

याच ओळीत शब्दचर्चेच्या दृष्टीने एक मौल्यवान गोष्ट सापडते. चौदाव्या शतकाच्या अखेरीस जॉन वायक्लिफ या धर्मसुधारकाच्या मंडळींनी केलेल्या बायबलच्या इंग्रजी भाषांतरात इथे 'फुलर, किंवा कापडाचा वॉकर' असे दोन्ही शब्द शेजारी शेजारी दिले आहेत. एकच शब्द सगळीकडे कळणार नाही याची भाषांतरकाराला जाणीव होती. आडनावं पक्की होण्याचा काळही तोच. दोन्ही शब्द जिवंत होते आणि एकाच अर्थाचे होते, याला यापेक्षा चांगला पुरावा कोणता?

प्रश्न

माझे एक सहकारी वॉकर आहेत, लीड्सचे. त्यांना हे सांगितलं तर ते म्हणाले, आमच्याकडे दर शंभर पावलांवर एक वॉकर आहे. टकर किंवा फुलर मात्र इतके भेटत नाहीत. असं का?

प्रतिसाद

त्यांचं गाव या नकाशाच्या मध्यावर आहे. १८५३ साली इंग्लंड-वेल्सच्या जन्ममृत्यू नोंदणी खात्याने सर्वाधिक आढळणाऱ्या आडनावांची यादी काढली, तेव्हा वॉकर पहिल्या विसांत होतं. फुलर आणि टकर त्याच्या बरेच मागे.

एक कारण साधं. 'वॉकर' हा शब्द चालायचा तो प्रदेश फार मोठा होता, मिडलँड्सपासून स्कॉटलंडपर्यंत. टकरांच्या वाट्याला डेव्हन, कॉर्नवॉल, सॉमरसेट आणि आसपासचा पट्टा एवढंच.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आडनाव किती पसरेल हे मूळ कुटुंबं किती होती यावर जेवढं ठरतं, तेवढंच पुढच्या शतकांत तो भाग वाढला की ओसरला यावरही ठरतं. औद्योगिक क्रांतीत लोकसंख्येचा स्फोट झाला तो यॉर्कशरच्या वेस्ट रायडिंगमध्ये आणि लँकेशरमध्ये. लीड्स, ब्रॅडफर्ड, हडर्सफील्ड ही सगळी लोकरीची गावं. तिथले वॉकर तिथेच राहिले आणि तिथेच वाढले. उलट डेव्हनचा लोकरीचा धंदा अठराव्या शतकापासून बसत गेला आणि माणसं बाहेर पडली. सेव्हर्नच्या खाडीपलीकडे दक्षिण वेल्सच्या कोळशाच्या पट्ट्यात म्हणूनच टकर बरेच भेटतात.

१८८१ च्या जनगणनेत हे स्पष्ट दिसतं. वॉकरांची दाटी वेस्ट रायडिंग आणि लँकेशरमध्ये, फुलरांची ससेक्स, केंट, सफक, नॉरफकमध्ये, टकरांची डेव्हन आणि सॉमरसेटमध्ये. त्यानंतर लवकरच, १८९० मध्ये, हेन्री गपी या निसर्गअभ्यासकाने आडनावांचा परगणावार हिशेब मांडला. त्यासाठी त्याने फक्त शेतकऱ्यांची नावं घेतली, कारण शेतकरी जमीन सोडून सहसा हलत नाही. पद्धत किती विचारपूर्वक निवडली होती पाहा. आज लंडन आणि मोठ्या शहरांमुळे रंग फिकट झालाय, पण नकाशा पुसला गेलेला नाही.

परदेशातही माग काढता येतो. १६२० च्या मेफ्लॉवर जहाजावरचे एडवर्ड आणि सॅम्युअल फुलर हे भाऊ नॉरफकमधल्या रेडनहॉलचे, म्हणजे अस्सल फुलरांच्या प्रदेशातले. ससेक्सच्या फुलर घराण्याने लोखंडाच्या भट्ट्यांवर आणि जमैकातल्या उसाच्या मळ्यांवर पैसा केला. त्या घराण्यातल्या जॉन फुलरने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनला देणगी दिली, म्हणून तिथलं रसायनशास्त्राचं अध्यासन 'फुलेरियन'. १८३३ मध्ये पहिला फुलेरियन प्राध्यापक झाला तो मायकेल फॅरडे. आणि जमैकातल्या मळ्यांवर राबणारी माणसं गुलाम होती, हेही त्याच वाक्यात लिहायला हवं. कॅरिबियन बेटांत आणि अमेरिकेत आज असंख्य कृष्णवर्णीय कुटुंबांचं आडनाव वॉकर आहे. त्यातल्या बहुतेकांचा यॉर्कशरच्या हौदांशी काहीही संबंध नाही. मालकाचं किंवा आसपासच्या गोऱ्या घराण्याचं नाव त्यांना चिकटलं, किंवा मुक्त झाल्यावर त्यांनी स्वतः निवडलं. आडनावाची व्युत्पत्ती शब्दाची असते, रक्ताची नसते.

प्रश्न

न्यूकॅसलला वॉकर नावाचा भाग आहे. आडनाव तिथून आलेलं नसेल कशावरून? आणि जॉनी वॉकर तर स्कॉटिश. तिकडचे वॉकरही कापडवालेच?

प्रतिसाद

न्यूकॅसलचं वॉकर वेगळ्या मुळाचं. तिथे रोमनांनी बांधलेली हेड्रियनची भिंत जाते. 'वॉल' म्हणजे ती भिंत आणि पुढचा भाग नॉर्स 'क्यार', म्हणजे पाणथळ झुडुपी जमीन. भिंतीजवळची दलदल. मोजक्या कुटुंबांचं आडनाव या गावावरून आलं असू शकतं, पण देशभरच्या वॉकरांचा उलगडा त्यातून होत नाही.

स्कॉटलंडचे वॉकर मात्र कापडवालेच, आणि तेही दोन वाटांनी. सखल भागात स्कॉट्स भाषेत तुडवण्याला 'वॉक' असंच म्हणत आणि गिरणीला 'वॉकमिल'. उत्तरेच्या डोंगराळ, गेलिक भाषा बोलणाऱ्या प्रदेशात 'माक अन उखकादिर', म्हणजे कापड तुडवणाऱ्याचा मुलगा, असं नाव होतं. इंग्रजीत लिहिताना बऱ्याच जणांनी त्याचं सरळ भाषांतर करून वॉकर केलं.

गेलिक भागात हे काम बायका करायच्या. आउटर हेब्रिडीज बेटांवर विसाव्या शतकापर्यंत आठ-दहा जणी लांब फळीभोवती बसून ओलं ट्वीड तालावर आपटत, एकीकडून दुसरीकडे सरकवत आणि गात. एक जण ओळ म्हणणार, बाकीच्या धृपद उचलणार. आपल्या जात्यावरच्या ओव्यांशी याचं नातं चटकन जाणवतं. कामाचा ताल हाच गाण्याचा ताल. त्या गाण्यांची जुनी ध्वनिमुद्रणं उपलब्ध आहेत, जरूर ऐका.

इंग्लंडात मात्र पाय आणि हात फार आधीच सुटले होते. ११८५ च्या टेम्पलर या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या पंथाच्या मालमत्तेच्या नोंदींत पाण्यावर चालणाऱ्या तुडवणगिरण्यांचा उल्लेख आहे, त्यातली एक यॉर्कशरमधली. पाणचक्कीने जड लाकडी हातोडे उचलून कापडावर आपटायचे. म्हणजे वॉकर हे आडनाव पिढीजात होत होतं, तेव्हाच बरेचसे वॉकर पाय हौदात न घालता गिरणी चालवत होते. वेल्समध्ये अशा गिरणीला 'पांडी' म्हणतात. १९१० च्या खाणकामगारांच्या संघर्षामुळे गाजलेलं टोनीपांडी हे गाव तिच्यावरूनच.

जॉनी वॉकरबद्दल. किल्मार्नकच्या जॉन वॉकरने १८२० मध्ये किराणा दुकान थाटलं, व्हिस्कीचं नाव त्याच घराण्याचं. बाटलीवरचा टांगा टाकत चालणारा टोपीवाला १९०८ मध्ये टॉम ब्राउन या चित्रकाराने काढला. त्याने आडनावाचा आजचा अर्थ घेतला आणि ते चित्र जगभर गेलं, त्यामुळे कापडाचा संबंध लोकांच्या मनातून पुसला गेला. मुंबईत बसकंडक्टर असलेल्या बद्रुद्दीन काझींना गुरुदत्तने 'जॉनी वॉकर' हे पडद्यावरचं नाव दिलं तेही याच व्हिस्कीवरून.

आपल्या इतिहासातही एक वॉकर आहे. गायकवाडांच्या बडोद्यात कंपनी सरकारचा रेसिडेंट असलेला अलेक्झांडर वॉकर. १८०७ मध्ये काठेवाडच्या संस्थानिकांकडून गायकवाडांना मिळायच्या खंडणीचा निवाडा त्याने केला, 'वॉकर सेटलमेंट' म्हणून तो ओळखला जातो. हा माणूस स्कॉटलंडच्या फाइफमधला, म्हणजे सखल भागातला. त्याचं आडनाव स्कॉट्स 'वॉक'च्या वाटेने आलं असण्याची शक्यता जास्त, गेलिक भाषांतराच्या वाटेने कमी.

टकरच्या बाबतीत एक सावधगिरी. आयर्लंडमध्ये 'ओ तुआखर' या गेलिक नावाचंही इंग्रजीकरण टकर असं झालं आहे, त्याचा कापडाशी संबंध नाही. तेव्हा कुणी टकर भेटले तर आधी त्यांचे पणजोबा डेव्हनचे की आयर्लंडचे ते विचारावं.