पाणी समितीवर बसणाऱ्याने हितसंबंध लिहून द्यावेत का? (टोपणनावांनी झालेली चर्चा)

खाडीकाठ
ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समिती, जैवविविधता समिती, शाळा व्यवस्थापन समिती. या सगळ्यांवर बसणारी माणसे बिनपगारी, म्हणून त्यांना कुणी काही विचारत नाही. पंचायत सदस्याचे तसे नाही. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमातले कलम १४ त्याच्या मानेवर असते. पंचायतीच्या कामात किंवा ठेक्यात त्याचा स्वतःचा किंवा भागीदारामार्फत हिस्सा निघाला, तर प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते आणि सदस्यत्व जाऊ शकते. पण हे कलम लिहिले आहे पंचायत सदस्यासाठी. समितीवर नेमलेल्या साध्या गावकऱ्याच्या सख्ख्या भावाचा जेसीबी पाईपलाईनचा चर खणतो आणि काम समाधानकारक असल्याच्या कागदावर सही हाच करतो. यात कुणाला वावगे वाटत नाही.

माझे म्हणणे एवढेच की नेमणूक होईल त्याच ग्रामसभेत प्रत्येकाने एक पान लिहून द्यावे. स्वतःचा, नवऱ्याचा किंवा बायकोचा, मुलांचा आणि सख्ख्या भावाबहिणींचा धंदा त्यात असावा : ठेकेदारी, डंपर, चिरेखाण, हार्डवेअरचे दुकान, प्लंबिंग, होमस्टे. विहिरीची किंवा टाकीची जागा कुणाची, तेही यावे. पाणीपट्टी थकली असेल तर तीही. उत्पन्न, सोने, बँकखाते यातले काही नको. ते पान पंचायतीच्या फलकावर लागावे. त्या धंद्याचा किंवा जागेचा विषय बैठकीत आला की त्या माणसाने बाहेर जावे आणि इतिवृत्तात तशी नोंद व्हावी.

भावकी
कागदावर छान आहे. आमच्याकडच्या वाडीत चाळीस घरे असली तर तीस एकाच आडनावाची. ‘सख्खा’ म्हणून तुम्ही रेघ मारलीत, पण व्यवहार चालतो चुलत्यांत, मेहुण्यांत. खरी लागेबांधे असलेली माणसे त्या रेघेबाहेर बसतील आणि अडकेल तो एकटा सरळ माणूस.

दुसरे म्हणजे समितीवर यायला माणूसच मिळत नाही. जलजीवन मिशनच्या (घरोघरी नळाच्या योजनेच्या) मार्गदर्शक सूचनांप्रमाणे १० ते १५ सदस्य, त्यात निम्म्या बायका. बचत गटातली ताई कशीबशी तयार होते. तिच्या नवऱ्याचा धंदा फलकावर लावलात की संध्याकाळपर्यंत तो फोटो गावच्या मुंबईकरांच्या मंडळाच्या ग्रुपवर जाणार, आणि जुन्या बांधाच्या भांडणाला नवा दारूगोळा मिळणार. ती पुढच्या बैठकीला येईल?

शिवाय समितीच्या हातात आहे काय? निविदा जिल्हा परिषदेचा पाणीपुरवठा विभाग काढतो, मोजमाप पुस्तिका अभियंता लिहितो. पकडायचेच तर त्यांना पकडा.

मोजमाप
भावकी, शेवटचा मुद्दा पटला नाही. समितीकडे निविदा नसेल, सही आहे ना? योजना ताब्यात घेताना तीच सही पुढे येते, आणि त्यानंतरचा प्रत्येक फुटलेला जोड पंचायतीच्या गळ्यात.

कोकणात फसवणूक कुठे होते ते सांगतो. अंदाजपत्रकात चर समजा ९० सेंटीमीटर धरलेला असतो. वर मातीचा थर हातभर, खाली जांभा दगड. जांभा फोडायला ब्रेकर लावावा लागतो, तो तासावर. मग चर ४० सेंटीमीटरवर थांबतो, पाईप टाकून त्याच दिवशी बुजवला जातो, आणि पहिल्या पावसाळ्यात रस्त्याकडेला पाईप उघडा पडतो. वरून डंपर गेला की संपले. हे अभियंत्याला नंतर दिसत नाही. चर उघडा असताना तिथे उभा असतो तो समितीचाच माणूस. दर शंभर मीटरला टेप धरून फोटो काढणे हे अर्ध्या तासाचे काम आहे. पण ब्रेकर मेव्हण्याचा असेल तर टेप कोण धरणार? म्हणून ते पान हवे. आणि हो, मेव्हणाही त्यात धरा. ‘सख्खा भाऊ’ ही रेघ खाडीकाठांनी चुकीचीच मारली आहे. नात्यावरून न मोजता कामावरून मोजा : या योजनेत ज्याचे यंत्र, माल, मजूर किंवा जागा लागणार, त्याच्याशी तुमचे नाते काय, एवढाच प्रश्न.

गावातली यंत्रणा बसवायला लोकवर्गणी जाते. डोंगराळ आणि वनक्षेत्रातल्या, तसेच निम्म्याहून जास्त अनुसूचित जाती-जमातींची वस्ती असलेल्या गावांत ५ टक्के, इतरत्र १० टक्के. श्रमदान धरूनही हा लोकांचाच पैसा.

किनारा
सगळे हितसंबंध एका मापाने मोजू नका. किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा समिती असते आणि तिच्यात मच्छीमारांसह किनाऱ्यावरच्या स्थानिक समाजांचे किमान तीन प्रतिनिधी. आता मच्छीमाराला ‘होडी आहे का’ विचारून बाहेर काढणार? होडी आहे म्हणूनच तो तिथे बसला आहे. शाळा समितीत तर तीन चतुर्थांश पालकच असतात, पोर शाळेत आहे हीच त्यांची पात्रता.

फरक असा आहे. सगळ्या मच्छीमारांचा फायदा होतो तिथे प्रतिनिधी बोलेल, मतही देईल. पण भरतीरेषेपासून २०० मीटरच्या ना-विकास पट्ट्यात त्याचेच होमस्टे उभे असेल आणि त्याच पट्ट्यातल्या उल्लंघनाची तक्रार चर्चेला आली, तर तो वेगळा माणूस. तेव्हा त्याने उठावे. एका पानात हे दोन रकाने वेगळे ठेवलेत तरच त्याला अर्थ आहे.

कागदवाला
नवा फॉर्म काढण्याआधी जुना कायदा तरी पाळा. माहिती अधिकाराच्या कलम ४(१)(ख) मध्ये सतरा बाबी स्वतःहून जाहीर करायच्या असतात. त्यातली आठवी बाब समित्यांचीच : कोणत्या समित्या, त्यांच्या बैठका लोकांना खुल्या आहेत का, इतिवृत्त पाहायला मिळते का. बहुतेक पंचायतींच्या भिंतीवर रंगवलेला फलक असतो, त्यात ही बाब एका ओळीत उरकलेली. ती नीट भरा म्हणून अर्ज करायला दहा रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस.

खाडीकाठांना एक सावधगिरी. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातले ८(१)(जे) बदलले. वैयक्तिक माहिती नाकारणे त्यामुळे सोपे झाले. कलम ८(२) चा जनहिताचा दरवाजा उघडा आहे, पण तिथवर पोचायला अपील लढावे लागते. म्हणून त्या पानावरच ‘हे फलकावर लावण्यास माझी संमती आहे’ ही ओळ हवी. नंतर मागत बसण्यापेक्षा आधी घेतलेली बरी.

आणि ‘आम्ही बिनपगारी’ ही ढाल फार काळ टिकत नाही. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात लोकसेवकाची व्याख्या पगारावर थांबत नाही. ज्या पदामुळे सार्वजनिक कर्तव्य करावे लागते, तो पदधारकही तिच्यात येऊ शकतो. समितीवर येणाऱ्याला हे पहिल्याच दिवशी सांगावे, घाबरवायला नव्हे, माहीत असावे म्हणून.

भावकी
मोजमापांची ‘कामावरून मोजा’ ही दुरुस्ती मान्य. किनाऱ्यांचे दोन रकानेही मान्य. फलक मान्य नाही. पान पंचायतीत वहीत ठेवा, ज्याला बघायचे तो येऊन बघेल. आणि तीच अट शाखा अभियंत्याला आणि ठेकेदारालाही लावा, नाहीतर गावकऱ्यालाच चोर ठरवल्यासारखे होते.

खाडीकाठ
ठेकेदाराचे बरोबर, तेही घाला. पण वही म्हणजे कपाट, आणि कपाट म्हणजे किल्ली. ग्रामपंचायत अधिकारी (आपल्या तोंडी अजून ग्रामसेवकच) तीन गावे सांभाळतात, आज इथे तर उद्या तिथे. बंद कपाटातली वही कुणी बघत नाही. ताईंची अडचण खरी आहे, त्यावर तोड अशी : नवऱ्याचे नाव नको, ‘घरातील व्यक्तीचे हार्डवेअर दुकान’ एवढेच फलकावर.

मोजमाप
फलक की वही, यापेक्षा इतिवृत्ताकडे बघा. सगळी फसवाफसवी तिथे होते. ठरावाखाली दोन-तीन ओळी मोकळ्या सोडतात, मग नंतर ‘व खर्चास मंजुरी’ बसते. सह्या घरोघर फिरून घेतल्या जातात. ‘सर्वानुमते’ लिहिले की कोण उठून गेला होता ते कायमचे पुसले जाते. तीन दरपत्रके येतात आणि तिन्हींत टायपिंगची एकच चूक, कारण एकाच झेरॉक्सवाल्याकडे टाईप झालेली. उपाय साधे आहेत : मोकळ्या जागेवर तिरकी रेघ, पानांना आधीच छापील क्रमांक, ठराव तिथेच मोठ्याने वाचून सह्या, आणि सूचक-अनुमोदकाच्या खाली ‘गैरहजर राहिलेले हितसंबंधित’ अशी एक ओळ. विषय संपायच्या आत त्या पानाचा फोटो. वित्त आयोगाच्या निधीचा खर्च ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर दिसतोच, तो ठरावाशी ताडून बघायला मोबाईल पुरतो.

भावकी
आणि एखाद्याने लिहूनच दिले नाही तर? निकाल कोण देणार?

खाडीकाठ
ग्रामसभा. नेमणूक तिची, तर बदलही तिचा.

भावकी
ग्रामसभेची गणपूर्ती (कोरम) १५ टक्के मतदार किंवा १००, यातले जे कमी ते. ती होत नाही, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मग वीस जण बसून समिती नेमतात, त्यातले बारा एकाच वाडीचे. तेच वीस जण निकाल देणार?

कागदवाला
तर मग पहिला ठराव हाच करा : समितीची नेमणूक तहकूब सभेत होणार नाही.

किनारा
करुक काय हरकत नाय. पण तो ठराव करुक पयली सभा भरूक होयी.