गेममधला हायकू: लिहायला शिकवतो की नुसता निवडायला लावतो?

रानवारा
‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ (२०२०) हा व्हिडिओ गेम तलवारबाजीसाठी गाजला, पण लिहू पाहणाऱ्याने तो हायकूच्या, म्हणजे तीन ओळींच्या जपानी कवितेच्या, जागांसाठी खेळावा असं माझं ठाम मत आहे. काळ १२७४ चा. जपान आणि कोरियाच्या मधल्या त्सुशिमा बेटावर मंगोल फौज उतरली आहे. नायक जिन साकाई ठरावीक ठिकाणी खाली बसतो आणि गेम एक विषय देतो: पराभव, भीती, आशा वगैरे. मग कॅमेरा फिरवून आजूबाजूला बघायचं. तीन ठिकाणी नजर थांबते, प्रत्येक ठिकाणाची एक ओळ दिसते, त्यातली एक घ्यायची. असं तीनदा. एका जागेवर २७ कविता होऊ शकतात. बक्षीस म्हणून मिळते कपाळाला बांधायची पट्टी. लढाईत तिचा काडीचा उपयोग नाही, आणि मला हेच आवडतं.

मेख अशी की बघितल्याशिवाय ओळ मिळतच नाही. नवख्या कवीचं घोडं इथेच अडतं: भावना आधी ठरवायची आणि तिला शोभेल असं पान, फूल, पाखरू मागाहून चिकटवायचं. गेम हा क्रम उलटा करतो. एरवीही पडद्याच्या कोपऱ्यात नकाशा नसतो. कंट्रोलरच्या टचपॅडवर बोट फिरवलं की वारा सुटतो आणि गवत जिकडे झुकेल तिकडे जायचं.

शिवाय गेमने चाळवलेल्या कुतूहलाचं फळ डोळ्यांसमोर आहे. २०२० च्या सप्टेंबरात वादळाने त्सुशिमातल्या वाताझुमी देवळाची तोरी, म्हणजे कमान, पडली. दुरुस्तीसाठी ५० लाख येन हवे होते, जमले २ कोटी ७० लाखांच्या वर. देणाऱ्यांत हा गेम खेळलेले पुष्कळ होते.

शाईदौत
असहमत. तयार नऊ ओळींतून तीन उचलणं म्हणजे लिहिणं नव्हे. आणि क्रम उलटा होतो म्हणता, तो होत नाही. ‘पराभवाचा विचार कर’ असं गेम आधी बजावतो, मग नजर फिरवायला लावतो. भावना आधीच ठरलेली! हायकूत भावनेचं नाव घ्यायचं नसतं, तिथे तेच पाटीवर लिहून दिलंय.

दुसरी खोट मोठी आहे. हायकूला ऋतुसूचक शब्द लागतो, जपानीत त्याला किगो म्हणतात. अशा शब्दांचे कोशच्या कोश आहेत तिकडे. या गेममध्ये ऋतू काळाने येत नाहीत, जागेने येतात. एका भागात सोनेरी पानांचं जंगल, पुढे तांबड्या लिलींचं रान, उत्तरेला कामिआगाताला बर्फ. घोडा दामटला की तासाभरात सगळे ऋतू संपतात. मग ‘बर्फ’ या शब्दाने वाचकाला कुठला महिना सांगणार?

तांबडी माती
इतिहासाच्या बाजूने थोडं. १२७४ मध्ये हायकू नव्हताच. होता तो वाका, ५-७-५-७-७ असा पाच ओळींचा. पुढे साखळीकवितेची पहिली कडी, होक्कू, सुटी झाली आणि तिचाच हायकू झाला. हायकूचा थोर कवी बाशो सतराव्या शतकातला, आणि ‘हायकू’ हे नाव रूढ केलं कवी मासाओका शिकीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. जिनच्या कमरेची काताना तलवारही तशीच, पुढच्या काळातली. तेव्हाचे योद्धे धार खाली ठेवून लटकवायची ताची वापरत.

पण सगळंच रचलेलं नाही. त्सुशिमातल्या कोमोदाच्या किनाऱ्यावर बेटाचा सरदार सो सुकेकुनी सुमारे ८० स्वारांनिशी लढून पडला, आणि गेमची सुरुवातही तिथेच, ऐंशी सामुराईंनी होते. मला खटकतं ते ‘इभ्रत’ प्रकरण. गेमभर जिनचा काका इभ्रतीचे धडे देतो. त्याच स्वारीत क्यूशूतल्या हाकाताला लढलेला योद्धा ताकेझाकी सुएनागा मात्र बक्षीस मिळालं नाही म्हणून घोडे आणि खोगिरं विकून वाटखर्च उभा करतो, १२७५ मध्ये तेव्हाचं लष्करी सरकार होतं त्या कामाकुराला थेट जाऊन दाद मागतो आणि जहागिरीचा हक्क मिळवतो. पुढे स्वतःच्या पराक्रमाच्या चित्रगुंडाळ्या तयार करवून घेतो. त्या आज ऑनलाइन बघायला मिळतात. कथा लिहायची तर हा माणूस जिनपेक्षा दसपट जिवंत आहे. गेम संपल्यावर त्याच्यापर्यंत जो पोचेल, त्याच्याच कुतूहलाला मी कुतूहल म्हणेन.

रानवारा
शाईदौत, विषयाच्या पाटीचा मुद्दा मान्य. म्हणूनच गेमचा हायकू पुरा करून थांबू नये, फोटो मोड वापरावा. प्लेस्टेशनवर डी-पॅडची (कंट्रोलरवरच्या दिशाकळांची) उजवी कळ. दृश्य गोठतं, आणि दिवसाची वेळ, हवामान, वाऱ्याचा जोर, उडणारी पानं हे सगळं बदलता येतं. एक चौकट धरा. दिसणाऱ्या पाच वस्तू लिहा, विशेषणाशिवाय. मग फक्त वेळ बदला, दुपारची पहाट करा, आणि पाचांतल्या कुठल्या वस्तू दिसेनाशा झाल्या ते बघा. उरलेल्यांतल्या दोन शेजारी ठेवा. ‘जणू’, ‘जसं’ आलं की खोडा. तिसरी ओळ पहिल्या दोघींचा अर्थ सांगत असेल तर तीही खोडा. सगळ्यात जास्त हायकू तिथेच बिघडतात.

उदाहरणार्थ हा बिघडलेला:

किती ही शांती
युद्धानंतर आली
मनाला माझ्या

आणि त्याच जागेवरून हा:

जळकं गाव –
नव्या गवतावर
घोड्याचे ठसे

हायकूच्या नेमाप्रमाणे ओळींची अक्षरं दोन्हीकडे ५-७-५ आहेत. पहिल्यात बघण्यासारखं काहीच नाही.

मात्रावृत्त
अक्षरांचं एवढं प्रस्थ नको. जपानीत अक्षर मोजत नाहीत, उच्चाराचा काळ मोजतात. दीर्घ स्वर दोन धरतात, म्हणून ‘तोक्यो’ चार भरतो. आपल्या लघु-गुरूच्या हिशेबाला हे जास्त जवळ आहे. ‘घोड्याचे ठसे’ अक्षरांनी पाच, पण मात्रांनी नऊ, म्हणजे जपानी पाचाच्या जवळजवळ दुप्पट लांब. शिरीष पैंनी हायकू मराठीत रुजवून अर्धशतक होत आलं, तरी नवे लिहिणारे सतरा अक्षरं भरायला ‘हा’, ‘ती’, ‘माझ्या’ कोंबतात. वरच्या बिघडलेल्या हायकूतही तेच झालंय.

शाईदौत
दुसरा हायकू बरा आहे, हे कबूल. पण ‘नवं गवत’ आलं कुठून? कोमोदाची लढाई शरदाच्या अखेरीची, तेव्हा तिथे गवत सुकायला लागलेलं असणार. गेमने हिरवं दाखवलं, तुम्ही ते तसंच उचललंत. मी म्हणतो तो धोका हाच.

आणि देवळाबद्दल. २०२५ च्या मार्चमध्ये पाहुण्यांच्या गैरवर्तनाला कंटाळून त्याच वाताझुमी देवळाने पर्यटकांना मज्जाव केला. दोष गेमचा आहे असं मी म्हणत नाही. पण ‘कुतूहलाचं फळ’ म्हणून कमान मोजणार असाल तर हेही मोजा.

तांबडी माती
गवताचा आक्षेप बिनतोड. रानवारा, तिथे सुकलेला तुरा घालून बघा. सुसुकी नावाचं उंच, रुपेरी तुऱ्यांचं गवत गेममध्ये जागोजाग आहे आणि जपानीत तो शरदाचाच शब्द मानतात. त्यापुढे माझी सूचना अशी: तीच कसरत आपल्या ऋतुशब्दांवर करा. मृगाचा तांबडा किडा, भाद्रपदातला तेरडा, फाल्गुनात पानं झडून फुललेला पांगारा. यांतला एकेक शब्द महिना सांगतो, आणि त्यासाठी फोटो मोड लागत नाही.

रानवारा
‘सुकल्या तुऱ्यांवर’ केलं तर अक्षरं सातच राहतात, पण तुऱ्यांवर ठसे उमटत नाहीत. ‘तुडवल्या तुऱ्यांत’ केलं तरी सातच होतात. हेच ठेवेन. पांगाऱ्याचं मात्र पटत नाही. तो आपल्याला इतका ओळखीचा आहे की बघायच्या आधीच ओळ सुचते, आणि ती बहुधा कुणाची तरी वाचलेली असते. परक्या बेटावर तशी आयती ओळ हाताशी नसते.