जुनं बॉयलर घर: पाडायचं की वाचवायचं?

कोपरीकर: आमच्या संस्थेच्या रुग्णालयामागे दगडी बॉयलर घर आहे. आई तिथल्या लाँड्रीत कामाला होती. चादरी, गाऊन, ऑपरेशनची कापडं, सगळं त्या वाफेवर निघायचं. आता कपडे बाहेर धुवायला जातात आणि विश्वस्तांना तिथे पार्किंग हवंय. मला मनापासून वाटतं, तिथे अभ्यासिका व्हावी. आजूबाजूच्या दहावी-बारावीच्या पोरांना घरात शांत कोपरा मिळत नाही. कौलांवर बासेल मिशन आणि १८६५ उमटलंय. म्हणजे इमारत तेव्हाची का? आणि सुरुवात कुठून करू?

वागळेचा बॉयलरवाला: माझी उभी नोकरी बॉयलरवर गेली, म्हणून लिहितो. १८६५ हे बासेल मिशनच्या मंगळूरमधल्या कौलांच्या कारखान्याच्या स्थापनेचं साल. पुढच्या कौलांवरही तेच छापायचे, त्यावरून वय काढू नका. बॉयलर बघा. १९२३च्या कायद्याने बॉयलरला नोंदणी क्रमांक मिळायचा आणि तो अंगावर ठोकलेला असायचा. तो मिळाला की सरकारच्या बाष्पके (म्हणजे बॉयलर) संचालनालयात चौकशी करता येईल. पत्रे रिव्हेटने, म्हणजे ठोकून बसवलेल्या जाड खिळ्यांनी, जोडलेत की वेल्डिंगने, तेही पाहा. रिव्हेट असतील तर बहुधा बराच जुना.

पण थांबा, आत्ताच खरवडायला जाऊ नका. पाइपांवर पांढरा, प्लास्टरसारखा लेप आहे का? तो अॅसबेस्टॉस असू शकतो. आम्ही तो उघड्या हातांनी कालवून थापायचो, वरून कापड गुंडाळायचो, कुणी काही सांगितलं नाही. त्याची धूळ फुप्फुसात बसते आणि दुखणं वीस-तीस वर्षांनी वर येतं. झाडू, श्रमदान काही नको. भंगारवाल्याला तर दारातही उभं करू नका, तो लेपासकट कापत सुटेल. जाणकारांकडून नमुना तपासून घ्या, काढायचा तर तेच ओला करून काढतील.

नौपाडा_वास्तू: भिंतींना सिमेंटचा गिलावा करू देऊ नका, ओल आत कोंडते. दगडांमधल्या फटी चुन्यानेच भरून घ्या. आणि पोटमाळा घालून उंची मारू नका. लंडनच्या बँकसाइड वीजकेंद्राचं २००० साली टेट मॉडर्न झालं, तेव्हा यंत्रं काढली पण टर्बाइनचा हॉल उंचच्या उंच ठेवला. लोक तो बघायला जातात. तुमचा बॉयलर मात्र, लेपाचं निस्तरलं की, जागेवरच राहू द्या.

कोपरीकर: लेप आहे, पाइप वळतो तिथे फुटलेला. आत पोरं कॅरम खेळतात. आज संध्याकाळीच कुलूप लावून घेते आणि विश्वस्तांना लेखी कळवते. तपासणीचा खर्च मागताना पार्किंगचा विषयही त्याच पत्रात काढते.