अनुभव धागा: कॉफीच्या काउंटरपलीकडून

रातराणी
भाचीला एका मोठ्या कॉफी साखळीत पहिली नोकरी लागलीय. काल तिचा एप्रन धुवायला टाकताना खिशात ऑर्डरचं चुरगळलेलं स्टिकर सापडलं आणि कानात तो प्रिंटर पुन्हा किर्र किर्र करायला लागला. शिकत असताना मीही अशाच एका ठिकाणी दोन वर्षं काढली. समोर रांगेत चार माणसं, आणि प्रिंटरमधून लोंबणारी पट्टी गुडघ्यापर्यंत. सगळ्या मोबाइल ऑर्डरी! रांगेतल्यांना वाटायचं, ही बया आपल्याला सोडून कोणासाठी कॉफ्या करतेय? एकदा पट्टी फाडून हातावर ओळीने स्टिकरं चिकटवली, घामाने त्यातली दोन गळून पडली. ती कोणाची होती, देव जाणे. काउंटरमागे उभं राहिलेल्यांनी लिहा.

निवांत
रात्री अकराला बंद करायचं, पहाटे साडेचारला उघडायचं. आमच्यात त्याला क्लोपनिंग म्हणायचे. मी गणवेशातच झोपायचो. एवढंच, बस आली.

उंटावरचा शहाणा
माझं काम दुकानांच्या वेळा मोजण्याचं, त्यामुळे थोडं कोरडं लिहितो. अ‍ॅप कितीही ऑर्डरी घेतं, दूध तापवणारे हात दोनच. स्टारबक्समध्ये अमेरिकेत तीस टक्क्यांच्या आसपास व्यवहार मोबाइल ऑर्डरचे. त्यात वरून सिरप, थंड फेस, दुधाचा प्रकार बदला... एका कपामागे दोन कपांची मेहनत. 26 फेब्रुवारी 2008 ला याच कंपनीने एस्प्रेसो नीट शिकवायला अमेरिकेतली सुमारे 7,100 दुकानं काही तास बंद ठेवली होती. आज शिकवून भागणार नाही, गाठ रांगेतच आहे.

मॅनेजर होते हो मी
सगळे मॅनेजरला शिव्या घालतात म्हणून लिहिते. आठवड्यात माणसांना किती तास काम द्यायचं ते वरून यायचं, मागच्या विक्रीवरून. पाऊस पडला, विक्री घसरली, की पुढच्या आठवड्यात तास कापा. नेमकी तेव्हाच गर्दी. शनिवारी दोघं आजारी पडले, मी गल्ल्यावर, कानात ड्राइव्ह-थ्रूचा हेडसेट, आणि बाथरूम तुंबलंय. गाडीतल्या माणसाला मी चक्क "ब्रश आण पटकन" म्हणाले. तो म्हणाला, मी फक्त लाटे मागितली होती.

निवांत
😂😂 बसमध्ये सगळे बघतायत माझ्याकडे

अर्धवट
तास कापणं म्हणजे नुसता पगार नव्हे. अमेरिकेत स्टारबक्समध्ये अर्धवेळवाल्यांनाही आरोग्यविमा मिळतो, पण सरासरी आठवड्याला 20 तास भरावे लागतात. चांगली सोय आहे, नाकारत नाही. पण तास घसरले की आधी विमाच आठवणार ना? अमेरिकेतल्या बफेलो शहरातल्या स्टारबक्सच्या एका दुकानाने डिसेंबर 2021 मध्ये युनियनच्या बाजूने मत दिलं, त्यामागे माणसं कमी आणि कामाचा रेटा हेच तर होतं. नंतर शेकडो दुकानं त्यात आली, तरी 2024 सरेपर्यंत कंपनीशी करार काही झाला नाही.

उंटावरचा शहाणा
@अर्धवट, मान्य. पण युनियनने प्रिंटर थांबणार आहे का?

अर्धवट
प्रिंटर नाही थांबणार. प्रिंटरसमोर तिसरा माणूस तरी उभा राहील.

रातराणी
मॅनेजरबाई, हसून पोट दुखलं. मला वाटायचं तुम्ही लोक मुद्दाम तास कापता. माझ्या तेव्हाच्या मॅनेजरबद्दल आता उगाच वाईट वाटतंय.

कपावरचं नाव
मी फक्त गिऱ्हाईक. पण एक विचारू? स्टीमच्या नळीची वाफ हातावर आली तर तुम्ही काय लावायचात? घरच्या मशीनने आत्ताच भाजलंय.

मॅनेजर होते हो मी
आधी वाहत्या नळाखाली धरा, चांगली वीस मिनिटं. बर्फ नको, टूथपेस्ट तर मुळीच नको. माझ्या मनगटावर अजून तीन पांढरे डाग आहेत.

रातराणी
माझ्या दोन. बरं, एप्रनचा आंबट दुधाचा वास कशाने जातो? भाची उद्या पहाटेच निघणार आहे.

निवांत
जात नाही. दुसरा एप्रन मागायला सांग.