मदत हवी आहे: नवऱ्याला अ‍ॅलर्जी, लेकीला कुत्रा हवाय

नमस्कार मंडळी. पुण्यात वन बीएचकेमध्ये आम्ही तिघं राहतो. 11 वर्षांच्या लेकीला कुत्रा हवाय, आणि मलाही. अडचण नवऱ्याची आहे. गेल्या महिन्यात नणंदेच्या लॅब्रेडॉरने त्याचा हात चाटला, तर दहा मिनिटांत मनगटावर लालभडक गांधी उठल्या. मग रात्रभर शिंका.

एक विक्रेता म्हणाला, "शिह त्झू घ्या ताई, केस गळत नाहीत, काही होणार नाही." मला ते पटत नाही. मूळ कारण केस नसून लाळेतली आणि कोंड्यातली प्रथिनं असतात, आणि ती सगळ्याच जातींत असतात. ऑस्ट्रेलियात 1989 साली पूडल आणि लॅब्रेडॉरचा संकर केला गेला तो अशाच घरासाठी: बाई अंध, नवऱ्याला अ‍ॅलर्जी. तिथेही तीन पिल्लांपैकी एकाचाच त्याला त्रास झाला नाही!

नवऱ्याच्या रक्तचाचणीत कुत्र्याच्या फक्त 'कॅन एफ 5' या प्रथिनाची अ‍ॅलर्जी निघाली तर मादी चालू शकते म्हणे, कारण ते प्रथिन नराच्या प्रोस्टेटमध्ये तयार होतं. ही चाचणी पुण्यात कुणी करून घेतली आहे का? खर्च किती आला? घरात अ‍ॅलर्जीचं माणूस असताना पूडल किंवा आपला गावठी कुत्रा कुणी पाळलाय का? आणि दत्तक घेण्याआधी दोन-तीन आठवडे कुत्रा घरी ठेवू देणारं कुणी माहीत आहे का?

लळा लागल्यावर पिल्लू परत द्यायची वेळ लेकीवर आणायची नाहीये. कृपया अनुभव सांगा.